माईकची कानटोपी

१

शनिवारी सकाळी सात वाजता तिचं पहिलं काम म्हणजे माईकच्या तोंडाला शिट्टी लावायची.

शिट्टी म्हणजे फुंकायची शिट्टी नव्हे. औषधाच्या बाटलीएवढा एक डबा होता. माईकच्या टोकावर तो बसवून बटण दाबलं की एकसारखा बारीक सूर निघायचा आणि आवाज मोजणाऱ्या मीटरवर चौऱ्याण्णव आकडा यायला हवा. आला तर मीटर खरं बोलतोय. नाही आला तर त्याचा कान पिळायचा, म्हणजे बाजूचा छोटा स्क्रू फिरवायचा. मग माईकवर काळ्या स्पंजचा नारळाएवढा गोळा चढवायचा, वाऱ्याची फुरफुर आत जाऊ नये म्हणून. तिपाईवरचा तो माईक लांबून पाहिला की काटकुळ्या अंगाचं, मोठ्या डोक्याचं पोर ट्रॅकच्या कडेला उभं आहे असं वाटायचं.

एवढं झालं की ती तिच्या पत्र्याच्या टपरीत जाऊन बसायची. एक टेबल, एक खुर्ची, जाड काचेची खिडकी, भिंतीला टांगलेला फोन. कानांवर बशीएवढी झाकणं. शर्यतीची गाडी समोरून गेली की मीटरवरचा सगळ्यात मोठा आकडा, गाडीचा नंबर आणि वेळ वहीत लिहायची. मर्यादा अठ्ठ्याण्णवची. नव्व्याण्णव झाला की फोन उचलायचा. एकाच गाडीचं तीनदा झालं की झेंडेवाल्यानं त्या गाडीला काळा झेंडा दाखवायचा आणि तिनं मुकाट्यानं बाहेर यायचं.

नोकरी तिला अक्षरावर मिळाली होती. शिक्षण सातवी, पण अक्षर मोत्यासारखं. तिच्या आधीच्या माणसाची वही कोंबडीचे पाय शाईत बुडवून नाचवल्यासारखी होती, आणि ती वही तर आवाजावर नजर ठेवणाऱ्या कमिटीकडे जायची. कुंपणापलीकडच्या वस्तीनं आवाजाविरुद्ध तक्रार केली तेव्हा ते ठरलं होतं. गाडी जास्त वाजली आणि तरी पळू दिली, तर तो दिवस वाया धरायचा. असे दहा दिवस झाले की ट्रॅकला वर्षभर कुलूप. कुलूप म्हणजे तिची टपरी बंद आणि तिच्या नवऱ्याची क्रेनही बंद, कारण ट्रॅकवर बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला तोच होता.

पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिला विचारलं होतं, "पंच्याण्णव वाजणारी एक गाडी आणि पंच्याण्णव वाजणारी दुसरी, दोन्ही बरोबर गेल्या, तर मीटरवर किती?"

"एकशे नव्वद."

साहेब हसले. "अठ्ठ्याण्णव."

"हे कसलं हो गणित?"

"आवाजाचं गणित असंच, ताई. तीन वाढले की गाड्या दुप्पट. एकाच्या दोन. आणखी तीन वाढले की दोनाच्या चार. तुमची सातवी इथं चालायची नाही. तुम्ही फक्त दिसतं ते लिहा."

दिसतं ते लिहा. तेवढं तिला येत होतं.

२

सतरा नंबरची गाडी निळी होती. ती शनिवार-रविवार दोन्ही दिवस यायची आणि तिच्या मालकाच्या ओळखीनं आणखी सात-आठ गाड्या यायच्या. त्यामुळे सतरा नंबरला काळा झेंडा दाखवायचा म्हणजे घरच्या जावयाला पंगतीतून उठवण्यासारखं होतं. आत्तापर्यंत जे नऊ दिवस वाया गेले होते, ते सगळे याच जावयाचे लाड.

त्या शनिवारी सतरा समोरून गेली आणि मीटरवर एकशे चार आला. तिनं फोन केला. पुढच्या फेरीला पुन्हा एकशे चार. पुन्हा फोन. तेव्हा मॅनेजरसाहेब स्वतः चालत आले. टपरीत आले नाहीत, बाहेरच माईकसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ताई, याला सर्दी झालीय बहुतेक," ते म्हणाले. "बघा ना, भलतंच शिंकतोय."

ती टपरीच्या दारात आली.

"उघड्यावर उभा आहे बिचारा. काहीतरी घाला त्याच्या डोक्यावर. तुम्ही आई आहात, तुम्हाला मी काय सांगायचं."

आणि गेले. उद्या कोणी विचारलं असतं, तर त्यांनी काहीएक सांगितलं नव्हतं.

तिच्या पिशवीत ठकीची कानटोपी होती. ठकी म्हणजे तिची नऊ महिन्यांची मुलगी. लाकडी बाहुलीसारखी बसवलं तिथं बसते म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. टोपीही सासूबाईंनीच विणलेली, पिवळी, सैल, वर गोंडा. गोंडा लोंबायला लागला होता म्हणून जेवणाच्या सुट्टीत शिवायला तिनं ती आणली होती. तिनं आपल्या जुन्या स्वेटरची बाही चार पदरी करून टोपीत घातली आणि टोपी स्पंजच्या गोळ्यावर ओढली. मापानं विणल्यासारखी बसली. हाताला सवय होती, म्हणून तिनं दोन्ही नाड्या हनुवटीखाली बांधल्या. हनुवटी नव्हती तरी.

सतरा आली आणि गेली. अठ्ठ्याण्णव.

तिनं अठ्ठ्याण्णव लिहिलं. दिसलं तेच लिहिलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. एखादा आकडा तरी वाकडा यायला हवा होता.

संध्याकाळी तिनं टोपी काढून घरी नेली, गोंडा शिवला आणि ठकीच्या डोक्यावर चढवली. गार वारं सुटलं होतं.

पुढचे आठ आठवडे हेच झालं. सकाळी शिट्टी लावायची, चौऱ्याण्णव बघायचे, म्हणजे कागद स्वच्छ. मग टोपी. संध्याकाळी टोपी पुन्हा लेकीला. सतराची फेरी एक मिनिट बेचाळीस सेकंदांची. इतक्यांदा लिहून ती तिच्या अंगात भिनली होती. सतरा गेली की पाण्याचा एक घोट, पेन्सिलीला टोक, खिडकीवरची एखादी माशी, की सतरा हजर.

३

सोमवारी ट्रॅक बंद असायचा. त्यांचं घर ट्रॅकपासून सहा किलोमीटर, मध्ये टेकडी. शर्यतीच्या दिवशीसुद्धा तिथं काही ऐकू यायचं नाही.

ती ठकीला मऊ भात भरवत होती. ठकी भिंतीला पाठ लावून चटईवर बसली होती, समोर दुसरी भिंत. त्या भिंतीवर खिळासुद्धा नव्हता. ठकीनं डावीकडे बघितलं आणि मान हळूच सुरू करून झपकन उजवीकडे नेली. पुन्हा डावीकडे. पुन्हा झपकन उजवीकडे. आणि तिसऱ्यांदा. मग तोंड उघडून घासाची वाट बघत बसली.

"ही कोणाला निरोप देतेय गं?" दारातून सासूबाई म्हणाल्या.

"मुंग्या बघत असेल, आई."

"मुंग्यांना एवढी कसली घाई?"

दोघी हसल्या. तिनं भात कालवला, फुंकर घातली, भरवला, ओठ पुसले. ठकीची मान पुन्हा डावीकडे गेली. झपकन उजवीकडे. एक, दोन, तीन.

पाण्याचा एक घोट, पेन्सिलीला टोक. तिच्या हातातला चमचा थांबला. तिनं मागच्या घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाटा मोजत राहिली. एक मिनिट चाळीस झाले आणि ठकीनं डावीकडे बघितलं.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. बाळं काहीबाही करतात. एखादं अंगठा चोखतं, एखादं डोकं आपटतं. आपल्या डोक्यात फेऱ्या बसल्यात म्हणून आपल्याला फेऱ्या दिसतात. सोनाराला सगळीकडे कानच दिसतात, त्यातला प्रकार. तिनं असं स्वतःला नीट समजावलं आणि उठताना तिच्या हातून ताट निसटलं. स्टीलचं ताट फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं. सासूबाई दचकल्या. शेजारचं कुत्रं भुंकलं.

ठकीची पापणी हलली नाही.

"ठकी," तिनं हाक मारली. "ए ठकी. ठके."

ठकीनं तिच्याकडे बघितलं, पण हाक ऐकून नव्हे. ओठ हललेले दिसले म्हणून. आणि ती बोलली. "बा." तोंड मोठं उघडून, गळ्याच्या शिरा ताणून बोलली. गेले दोन-तीन आठवडे ती असंच बोलायची आणि सासूबाई कौतुक करायच्या, की पोरीचा गळा बघा, गावाला ऐकू जाईल. तिला आत्ता कळलं की असं बोलताना आपण कोणाला पाहिलं आहे. ट्रॅकवर गाड्या सुरू असताना दुरुस्तीवाली माणसं एकमेकांशी असंच बोलतात.

४

दवाखान्यात कान तपासणारी मुलगी हसरी होती. आतली खोली लहान होती, भिंतींना राखाडी गाद्या लावलेल्या, दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड. ते लावल्यावर तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज नको इतका मोठा वाटायला लागला.

"काही दुखत नाही," ती मुलगी म्हणाली. "हा मऊ बोंडा कानात ठेवायचा. यंत्र आत टिकटिक करतं. कान चांगला असेल तर तो स्वतःच बारीकसा आवाज परत देतो. तेवढा यंत्र ऐकतं."

"कान आवाज देतो?"

"देतो की. आपल्याला ऐकू येत नाही इतकंच."

ठकी मांडीवर झोपली होती. मुलीनं बोंडा कानात बसवला, बटण दाबलं आणि भुवया वर केल्या.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणतंय, गोंगाट जास्त आहे, शांत खोलीत तपासा." ती हसली. "याहून शांत खोली कुठून आणू? खड्डा खणू का?"

तिनं बोंडा पुसून स्वतःच्या कानात घातला. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. मग ठकीच्या आईच्या कानात घातला. हिरवा. पुन्हा ठकीच्या कानात घातला तर सुरुवातीला आकडे नीट चालले, मुलगी म्हणाली, "हं, आता होतंय," आणि लगेच पडद्यावरची रेघ वर उसळली. गोंगाट जास्त. रेघ खाली आली, उसळली, खाली आली, उसळली. मग शांत.

"गिळत असेल," मुलगी म्हणाली, पण आता ती हसत नव्हती. "नाहीतर आत मळ असेल. पुढच्या महिन्यात परत या. लहान बाळांचं होतं असं."

ठकी गाढ झोपली होती. मिटल्या पापण्यांखाली तिची बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकली. तीनदा.

"घरात कोणी मोठ्यानं टीव्ही वगैरे लावतं का?" मुलीनं विचारलं.

"नाही."

"तुम्ही कामाला कुठं असता?"

तिनं ठकीला खांद्यावर घेतलं. पिशवी उचलली. पिशवीत पिवळी टोपी होती आणि कोणी झडती घेणार असल्यासारखा तिनं तिच्यावर हात दाबून धरला.

५

टोपीच काढून टाकू, हा उपाय तिनं आधीच करून बघितला होता. टोपी गरम पाण्यात धुतली, दोन दिवस उन्हात टाकली, ठकीला रुमाल बांधला. काही फरक पडला नाही. माईकला मात्र त्या शनिवारी-रविवारी तिनं तीच टोपी घातली. दुसरी बसत नव्हती, असं तिनं मनाला सांगितलं.

रविवारी संध्याकाळी तिनं ट्रॅकच्या ऑफिसातल्या कपाटातला हातात धरायचा छोटा मीटर आणि शिट्टीचा डबा पिशवीत टाकला. सोमवारी दुपारी सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. बाहेर ऊन रखरखत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं पंखा बंद केला, घड्याळ काढून उशीखाली ठेवलं, खिडकी लावली.

आधी शिट्टी लावली. चौऱ्याण्णव. मीटर खरं बोलत होता. डबा काढला. खोली चौतीस.

ठकी चटईवर बसली होती. तिनं मीटरचं टोक ठकीच्या डाव्या कानाजवळ नेलं, केसांना लागेल न लागेल इतकं जवळ.

चौतीस. चौतीस. पस्तीस.

बेचाळीस.

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. आत सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, तेवढाच. अठ्ठावन्न. त्र्याहत्तर. ठकीनं डावीकडे बघितलं. शहाऐंशी. ठकीची मान झपकन उजवीकडे गेली आणि मीटरवर अठ्ठ्याण्णव आला आणि उतरला. पूर्ण उतरायच्या आत पुन्हा चढला. अठ्ठ्याण्णव. पुन्हा. अठ्ठ्याण्णव.

मग चौतीस.

तिनं हात लांब केला. मीटर वीतभर दूर नेला आणि वाट बघितली. एक मिनिट बेचाळीस सेकंदांनी ठकीची मान वळली, पण मीटर चौतीसच्या पुढे गेला नाही. म्हणजे आवाज खोलीत नव्हता.

ती भिंतीला टेकून बसली. सातवीचं गणित कामाचं नव्हतं, पण साहेबांनी शिकवलेलं तिला आठवत होतं. अठ्ठ्याण्णवात तीन मिळवले की दोन गाड्या. आणखी तीन मिळवले की चार. एकशे चार म्हणजे अठ्ठ्याण्णव वाजणाऱ्या चार गाड्या. प्रत्येक फेरीला टपरीसमोरून चार गाड्या गेल्या होत्या आणि तिनं सुरेख अक्षरात एक लिहिली होती.

राहिलेल्या तीन तिनं कुठं घातल्या होत्या, हे तिला माहीत होतं. नाड्यासुद्धा तिनंच बांधल्या होत्या.

६

"मीटर बिघडला असेल," टोपीचं सगळं ऐकून नवरा म्हणाला. तो दारात बूट काढत होता.

"चौऱ्याण्णव दाखवत होता, अहो. तुमच्यासमोर पुन्हा लावून दाखवते."

तिनं लावून दाखवला. मग ठकीच्या कानाशी धरला. त्यानं एक फेरी बघितली, दुसरी बघितली. तिसऱ्या फेरीला तो मीटरकडे बघतच नव्हता, लेकीच्या मानेकडे बघत होता. हातातला बूट त्यानं खाली ठेवला नव्हता.

"सतराला झेंडा दाखवलास तर तो माणूस आपल्या सगळ्या गाड्या घेऊन दुसरीकडे जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"माझी क्रेन मग काय ओढेल? कोंबड्या?"

"तुम्ही तिला एकदा हाक मारून बघा ना."

त्यानं हाक मारली. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, मग अशी की सासूबाई आतून धावत आल्या. ठकी भिंतीकडे बघत होती. त्यानंतर तो क्रेनबद्दल काही बोलला नाही.

शनिवारी तिनं माईकला टोपी घातली नाही. सतरा आली. एकशे चार. तिनं एकशे चार लिहिलं आणि या वेळी आकडा वाकडा आला. तीन फेऱ्यांनंतर तिनं फोन उचलला आणि मॅनेजरसाहेबांना न विचारता झेंडेवाल्याला सांगितलं, "सतराला काळा."

"काय म्हणताय, ताई?"

"सतराला काळा. दाखवा."

निळी गाडी हळू झाली आणि बाहेर वळली. तिनं वही मिटली, पिशवी भरून ठेवली आणि बोलणी खायला तयार होऊन बसली. दहा मिनिटांनी गाडीचा मालक स्वतः टपरीच्या दारात आला. हेल्मेट काखेत, केस घामानं चिकटलेले. मागे मॅनेजरसाहेब, चेहरा उतरलेला.

"किती येतंय?" मालकानं विचारलं.

"एकशे चार."

"हात्तिच्या. मग सायलेन्सरमधली लोकर जळून गेली असेल." तो साहेबांकडे वळला. "अहो, आधी सांगायचं ना. मला आत बसून काय कळतंय?"

"कसली लोकर?" तिनं विचारलं.

"सायलेन्सरच्या नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते, ताई. तीच आवाज खाते. जळली की नवी भरायची. वीस मिनिटांचं काम."

आणि खरंच वीस मिनिटं लागली. दुरुस्तीवाल्यानं सायलेन्सर उघडला, काळी राख झटकली, नवी पिवळट लोकर कोंबली, झाकण लावलं. सतरा पुन्हा समोरून गेली. पंच्याण्णव. मालकानं खिडकीकडे बघून हात केला. कोणाचं काहीही गेलं नव्हतं. मॅनेजरसाहेब डोकं खाजवत म्हणाले, "बरं झालं, चला," आणि चहा मागवला.

तिनं चहा तसाच टेबलावर ठेवला. दोन महिने तिनंही लोकरच घातली होती. फक्त दुसऱ्या टोकाला.

तिनं घरी फोन लावला. "आई, ठकी काय करते?"

"बसलीय."

"मान?"

 "तुला मी खोटं कशाला सांगू, बाई," सासूबाई म्हणाल्या.

७

जुन्या वह्या कमिटीकडे गेल्या होत्या. तिनं साहेबांना सगळं सांगून त्या परत मागितल्या, चुकीचे आकडे सुधारून खाली सही करते म्हणाली. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग ते समजुतीनं बोलले. जे गेलं ते गेलं. आता गाडी नीट आहे, वस्तीही शांत आहे, तुम्ही कशाला मेलेला साप काठीनं डिवचता? आणि खरं तर तिला सांगताही आलं नसतं. कोणत्या दिवशी किती फेऱ्या, तिनं मोजल्या नव्हत्या. शेकड्यांनी असतील. प्रत्येक फेरीमागे तीन.

सोमवारी दुपारी ती पुन्हा ठकीसमोर बसली. मीटर आणला नव्हता, त्याची गरज नव्हती. ठकी वाळली होती. झोपेतही मान वळत असल्यामुळे तिच्या डोळ्यांखाली मोठ्या माणसासारखी काळी वर्तुळं आली होती. तिनं आईकडे बघून तोंड उघडलं, शिरा ताणल्या आणि ओरडून "बा" म्हणाली. आणि आईनं उत्तर दिलं ते तिला ऐकू आलं नाही. कोणी उत्तर दिलं आहे हेही तिला कळलं नाही. अकरा महिन्यांचं पोर गर्दीच्या मधोमध एकटं बसलं होतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय शोधतेस गं?"

"टोपी कुठंय, आई?"

"दोरीवर वाळतेय. तूच म्हणालीस ना, नको घालू तिला."

"तिला नाही."

तिनं दोरीवरून टोपी काढली. उन्हानं ती तापली होती. आत अजूनही स्पंजचा थोडा काळा चुरा चिकटला होता, आठ आठवड्यांचा. तिनं ठकीला मांडीवर घेतलं. टोपीची कड ठकीच्या एका कानाला लावली, मग दुसऱ्या कानाला. बाळाच्या कानात गेलेलं पाणी आई पदरानं टिपते, तशी हळूहळू. असं कोणी तिला शिकवलं नव्हतं. मग दोन्ही हातांनी टोपी ताणून तिनं स्वतःच्या डोक्यावर ओढली. लोकर करकरली, एका बाजूची वीण उसवली, गोंडा पुन्हा लोंबला. ती खाली खाली ओढत राहिली, कान पूर्ण झाकेपर्यंत, आणि नाड्या हनुवटीखाली घट्ट बांधल्या.

"अगं, वेड लागलं का तुला?" सासूबाई म्हणाल्या.

हे तिला ऐकू आलं. त्यानंतर थोडा वेळ पंख्याचा आवाज आला आणि बाहेर सायकलची घंटा वाजली.

मग डावीकडून, भिंतीच्या खूप पलीकडून काहीतरी निघालं. आधी माशीएवढं. तिला ते ओळखीचं होतं, पण टपरीत तिच्या कानांवर झाकणं असायची. झाकणांशिवाय ते तिनं कधीच ऐकलं नव्हतं. ते वाढत आलं, दात हलवत आलं आणि भिंतीतून समोर आलं. तिची मान आपोआप उजवीकडे फिरली. फिरताना एका क्षणासाठी, फक्त एका, तिला समोरच्या कोऱ्या भिंतीवरून काहीतरी निळं सरकताना दिसलं. त्याच्यामागून दुसरं. त्याच्यामागून तिसरं.

तिन्ही गेली आणि तिचे कान बधिर झाले. सासूबाईंचे ओठ हलत होते. त्या जवळ आल्या, तिचा खांदा धरून हलवला, ओठ पुन्हा हलले. पंखा बिनआवाजाचा फिरत होता.

ठकी तिच्या मांडीवर होती. तिची मान स्थिर होती. ती पंख्याकडे बघत होती, पहिल्यांदाच बघितल्यासारखी, आणि मग आजीकडे, आणि आजी काही म्हणाली असावी, कारण ठकी दचकली. ओठ मुडपले. रडायला लागली. आई तिच्या रडण्याकडे नुसती बघत राहिली.

पुढच्या फेरीला अजून वेळ होता. एखादं मिनिट असेल. तिनं लेकीला नाव घेऊन हाक मारली. ती किती मोठ्यानं निघाली की निघालीच नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. गळ्याच्या शिरा तेवढ्या ताणलेल्या जाणवल्या.

ठकीनं रडणं थांबवलं आणि मान वळवली. भिंतीकडे नाही. आवाज आला तिकडे.

"आणखी बोल," असं ते डोळे म्हणत होते. ती बोलत राहिली. काय बोलली ते सासूबाईंनाच ठाऊक. डावीकडे पुन्हा काही सुरू झालं होतं, पण तिनं मान घट्ट धरून ठेवली आणि लेकीच्या तोंडावरून नजर हलू दिली नाही, जितका वेळ जमलं तितका वेळ.